एका संकेताच्या अनेक कचेऱ्या

सन १९०६ मध्ये इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे पाडून पूर्वेचा कारभार जळगावास आणि पश्चिमेचा धुळ्यास नेमून दिला, तेव्हापासून अमळनेरचे कागद एका दप्तरी आणि शिरपूरचे दुसऱ्या दप्तरी जाऊ लागले. दोन्हीकडे जाण्याची मुभा कोणत्याच गावाला नव्हती. संकेतांची, म्हणजे काळाबरोबर पालटत जाऊन काही वार्ता वाहणाऱ्या राशींची, वर्गवारी करणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र ही सोय नाही, कारण त्यांचा एकच संकेत एकाच वेळी अनेक कचेऱ्यांत रुजू असतो.

तापीचेच पाहा. हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपाशी चढणारे-उतरणारे पाणी एका पातळीवरून दुसरीवर उडी घेत नाही. म्हणून तो संकेत अखंड. पुराच्या दिवसांत तीच पातळी तासातासाने नोंदली, की तो काळापुरता खंडित होतो. आणि सेंटिमीटरखालचा अंश सोडून आकडा लिहिला, की मापालाही पायऱ्या पडून तो अंकीय, आजच्या बोलीत डिजिटल, ठरतो. खंडित आणि अंकीय यांना एकच समजण्याची गफलत भलेभले करतात.

दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, दर २० मिलिसेकंदांनी पूर्वरूपावर येते आणि सूत्राने आगाऊ सांगता येते; ती आवर्ती आणि निश्चित. पाऊस वर्षाच्या फेऱ्याने येत असला तरी अमुक दिवशी किती पडेल हे सूत्रात बसत नाही. तो यादृच्छिक, आणि त्याच्याविषयी बोलायचे ते सरासरीच्या व संभवाच्या भाषेत. आभाळातल्या कडकडाटाची एकूण ऊर्जा सांत असते. न थांबणाऱ्या आवर्ती लहरीची अनंत होते, म्हणून तिचे मोजमाप सरासरी शक्तीने करतात.

पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठला होते, आणि महिन्याच्या गोळाबेरजेला ती पुरते. परंतु संकेतातील सर्वांत जलद आवर्तनाच्या दुपटीहून अधिक वेळा नोंद घेतली तरच मूळ रूप परत मिळते, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्ध करून मांडले. साक्रीच्या डोंगरातून धुळ्याकडे धावणाऱ्या पांझरेचा लोंढा रात्रीत चढून पहाटेपर्यंत ओसरला, तर दिवसाला एकदा उघडणाऱ्या वहीत त्याचा मागमूसही उरणार नाही.