रिकामे घर, मोजका पैसा : पहिला संसार कसा मांडावा?

लग्नाचा मांडव उतरतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि एके सायंकाळी नवविवाहित जोडपे भाड्याच्या घराचे कुलूप उघडून आत पाऊल टाकते. समोर चार भिंती, स्वयंपाकाचा ओटा आणि एक नळ. बोलले की आवाज घुमतो. वसई, नालासोपारा, विरार परिसरात अनेक तरुण जोडप्यांच्या संसाराची सुरुवात अशाच रिकाम्या घरातून होते. अनामत रक्कम, पहिले भाडे आणि दलाली चुकती केल्यावर हाती फारच थोडे उरते. तेवढ्या पैशांत घर कसे उभे करावे, याविषयी अनुभवाच्या काही गोष्टी येथे मांडत आहोत.

आमची चूक

प्रारंभी आमचीच चूक सांगणे योग्य ठरेल. आम्ही उभयतांनी संसार मांडला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोठा पलंग आणि सोफा हप्त्यांवर घेतला. पाहुणे आले तर त्यांना बसवायचे कोठे, ही एकच काळजी मनात होती. पलंग जिन्याच्या वळणावर अडला. तो सुटा करून वर नेण्याचे आणि पुन्हा जोडण्याचे पैसे वेगळे द्यावे लागले. पुढे दीड वर्ष दर महिन्याला हप्ता जात राहिला. त्याच काळात पहिले बाळ जन्मास आले. रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या आणि बाळाचा पाळणा ठेवायला खोलीत जागाही उरली नव्हती. रिकाम्या घराची आम्हाला लाज वाटली होती, त्या लाजेची ही किंमत होती.

म्हणूनच नव्या जोडप्यांना आम्ही आग्रहाने सांगतो : घर एका महिन्यात भरायचे नसते. आधी गरज, मग सोय आणि सर्वांत शेवटी शोभा, हा क्रम पाळावा.

वही आणि मोजपट्टी

काहीही विकत घेण्यापूर्वी एक वही करावी. तिच्यात तीन याद्या असाव्यात : आज लागणाऱ्या वस्तू, तीन महिन्यांत लागणाऱ्या वस्तू आणि वर्षभर थांबता येईल अशा वस्तू. हाती ३०,००० रुपये असतील तर पहिल्या यादीवर २०,००० रुपयांहून अधिक खर्च करू नये. उरलेले १०,००० रुपये औषधपाणी, गळका नळ किंवा अचानक निघणाऱ्या प्रवासासाठी राखून ठेवावेत. पहिल्या तीन महिन्यांत असा प्रसंग हमखास येतो.

त्यानंतर मोजपट्टीने खोली, दरवाजा, जिन्याचे वळण आणि उद्वाहन मोजून आकडे त्याच वहीत लिहावेत. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचा असतो. त्यामुळे भिंतीत ठोकलेले सामान करू नये. सुटे होणारे, दोघांना उचलता येईल असे सामान घ्यावे.

पहिल्या रात्रीच्या गरजा

पहिल्या रात्री माणसाला निजणे, जेवण, पाणी आणि उजेड एवढेच लागते.

निजण्यासाठी कापसाची गादी पुरेशी आहे. जुना कापूस पुन्हा पिंजून घेता येतो, हा तिचा मोठा लाभ. आपल्या दमट हवेत जमिनीवरील गादीला खालून ओल धरते. म्हणून खाली चटई अंथरावी आणि रोज सकाळी गादी उचलून भिंतीला टेकवून उभी करावी. घडीची खाट दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आणली तरी चालते.

स्वयंपाकासाठी दोन बर्नरची शेगडी, तीन लिटरचा कुकर, दोन पातेली, कढई, तवा, पोळपाट-लाटणे, विळी किंवा सुरी आणि चार ताटे-वाट्या एवढ्यावर दोघांचे उत्तम भागते. शेगडी, कुकर, रेग्युलेटर आणि गॅसची नळी मात्र नवी आणि आयएसआय चिन्हाचीच घ्यावी. येथे काटकसर करू नये. कायमची गॅसजोडणी मिळेपर्यंत वितरकाकडे ओळखपत्र दाखवून पाच किलोचा लहान सिलिंडर घेता येतो.

जेथे पाणी ठरावीक वेळीच येते तेथे झाकणाचे पिंप आवश्यक आहे. डेंग्यूचे डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासावे.

दिवे एलईडीचेच असावेत. पंख्याबाबत थोडा हिशेब करावा. ७५ वॅटचा साधा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साधारण २२ युनिट वीज लागते. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात सुमारे ९ युनिट घेतो. हा पंखा महाग असतो, परंतु अधिकची किंमत वीजबिलातून हळूहळू भरून निघते. घर सोडताना तो उतरवून सोबत नेता येतो.

जुने ते किती घ्यावे?

जुने लाकूड आणि लोखंड घेण्यास हरकत नाही. गावच्या घराच्या माळ्यावर टेबल, पेटी, पाट, पितळी भांडी धूळ खात पडलेली असतात. आजी-आजोबांकडे, मामा-मावशीकडे मोकळेपणाने विचारावे; बहुधा ते आनंदाने देतात. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा भागात जुन्या लाकडी सामानाची दुकाने आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो.

जुनी वस्तू दिवसाउजेडीच पाहावी. लाकडावर मातीच्या बारीक रेषा दिसल्या तर ती वाळवीची खूण आहे. छिद्रांतून पीठ गळत असेल तर आत किडा आहे. खाटेच्या सांध्यांत काळे ठिपके आढळल्यास ढेकणांचा संशय घ्यावा आणि ती वस्तू नाकारावी. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे स्वस्त कपाट पावसाळ्यात फुगते. त्यापेक्षा जुने लोखंडी कपाट बरे. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि कपड्यांना बुरशी लागत नाही.

जुनी गादी आणि जुना कुकर मात्र अनोळखी माणसाकडून घेऊ नये.

आहेराविषयी थोडेसे

लग्नात तीन घड्याळे आणि चार सरबताचे संच कोणाला मिळाले नाहीत? देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो; काय हवे ते त्याला कोणी सांगितलेले नसते. जवळच्या नातेवाइकांनी विचारले तर संकोच न करता वही उघडावी. चार चुलतभावंडांनी मिळून एक शेगडी दिली तर त्यांचाही खर्च वाचतो आणि ती भेट रोज दोन वेळा आठवते.

‘बिनव्याजी’ हप्त्यांचा हिशेब

नव्या घराला सर्वांत मोठा धोका हप्त्यांचा. समजा, एक फ्रिज रोखीने २२,००० रुपयांना मिळतो, आणि ‘बिनव्याजी’ म्हणून दरमहा २,००० रुपयांच्या १२ हप्त्यांवर मिळतो. एकूण भरणा होतो २४,००० रुपये. रोखीची सवलत गेली, हेच ते व्याज. त्याचा दर वर्षाला सुमारे १६ टक्के पडतो. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील कर निराळाच. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्टपणे बजावले होते. नाव बदलले तरी हिशेब बदलत नाही.

याउलट तेच २,००० रुपये दरमहा बाजूला टाकले तर अकराव्या महिन्यात २२,००० रुपये जमतात. मधल्या काळात दूध रोजच्या रोज आणावे, स्वयंपाक बेताने करावा. अडचण होते, परंतु एखाद्या महिन्यात दुखणे आले तर बचत थांबवता येते. हप्ता थांबवता येत नाही. या दोहोंतील फरक आम्ही रुग्णालयाच्या खिडकीपाशी शिकलो.

मागण्यात कमीपणा नाही

काही जोडप्यांकडे पहिल्या यादीपुरतेही पैसे नसतात. ज्या धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची शाखा आहे तेथे त्यांनी नि:संकोच विचारणा करावी. फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या कार्याचा पायाच मुळी गरजूंच्या घरी जाऊन भेट देणे हा आहे. ज्यांच्या घरी सुस्थितीतील खाट किंवा टेबल पडून आहे त्यांनीही ते भंगारात घालण्यापूर्वी शेजारच्या नव्या जोडप्याची आठवण ठेवावी.

पुढे आम्ही दुसऱ्या भाड्याच्या घरी गेलो तेव्हा सोफा विकून टाकला. घराच्या आशीर्वादासाठी धर्मगुरू आले, शेजारीपाजारी आले. भिंतीवर क्रूस होता आणि जमिनीवर एक लांबरुंद सतरंजी. सारे तिच्यावरच मांडी घालून बसले, चहा झाला, गप्पा रंगल्या. बसायला जागा कमी पडली, असे त्या दिवशी कोणी म्हटले नाही. नव्या घराची चावी हाती घेणाऱ्या तरुण मित्रांनो, तुमच्या घरीही पहिले पाहुणे असेच सतरंजीवर बसोत, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तुम्हाला कोणाचेही देणे नसो.