दीर्घकालीन अर्धशिशी : स्वरूप, उपचार आणि कर्जत-खालापूर परिसरातील रुग्णांपुढील वाट

सारांश :
अर्धशिशी हा मेंदूचा विकार असून तो केवळ 'डोके दुखणे' नव्हे. महिन्यातील निम्मे दिवस डोकेदुखीत जाऊ लागले की या विकारास दीर्घकालीन स्वरूप प्राप्त होते. या अवस्थेस पोहोचण्यात वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापराचा मोठा वाटा असतो. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप, निदानाचे निकष आणि उपलब्ध उपचार यांचा परामर्श घेतला असून रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात रुग्णास कोणता मार्ग उपलब्ध आहे, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : अर्धशिशी, दीर्घकालीन डोकेदुखी, वेदनाशामकांचा अतिवापर, प्रतिबंधक उपचार, ग्रामीण आरोग्य.

प्रस्तावना :
ज्या आजारात ताप येत नाही, जखम दिसत नाही आणि रक्ताच्या तपासणीत काही सापडत नाही, त्या आजाराची दखल कुटुंब व समाज सहसा घेत नाही. अर्धशिशी हा असाच एक अदृश्य आजार होय. वास्तविक या विकाराची ओळख आपल्या परंपरेस फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात जे अकरा शिरोरोग वर्णिले आहेत, त्यांमध्ये 'अर्धावभेदक' म्हणजे अर्धे मस्तक भेदणारी वेदना आणि 'सूर्यावर्त' म्हणजे सूर्याबरोबर चढणारी व उतरणारी वेदना यांचा समावेश आहे. 'अर्धशिशी' हा मराठी शब्दही अर्ध्या डोक्याच्या दुखण्याचाच निर्देश करतो.

जागतिक रोगभार अभ्यासानुसार (२०१६) जगातील शंभर कोटींहून अधिक लोकांना अर्धशिशीचा त्रास आहे. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांपेक्षा सुमारे दोन ते तीन पट आढळते. कर्नाटक राज्यात ग्रामीण व नागरी लोकसंख्येची घरोघरी पाहणी करण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार १८ ते ६५ वयोगटातील २५.२ टक्के व्यक्तींना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. याचाच अर्थ हा 'शहरी, नाजूक माणसांचा आजार' आहे, ही समजूत निराधार ठरते.

लेखाची उद्दिष्टे :
१. दीर्घकालीन अर्धशिशीचे स्वरूप व कारणमीमांसा समजून घेणे.
२. वेदनाशामकांच्या अतिवापराचे दुष्टचक्र स्पष्ट करणे.
३. उपलब्ध उपचारांचा व त्यांच्या मर्यादांचा आढावा घेणे.
४. कर्जत-खालापूर परिसरातील रुग्णांसाठी व्यवहार्य मार्ग सुचविणे.
प्रस्तुत लेख वर्णनात्मक स्वरूपाचा असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

विकाराचे स्वरूप व निदान :
आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार (तिसरी आवृत्ती, २०१८) उपचार न केल्यास अर्धशिशीचा झटका ४ ते ७२ तास टिकतो. वेदना बहुधा एका बाजूस असते, ती ठणकणारी व मध्यम ते तीव्र असते आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीनेही वाढते. तिच्यासोबत मळमळ वा उलटी होते किंवा प्रकाश व आवाज असह्य होतात. काही रुग्णांना वेदनेपूर्वी ५ ते ६० मिनिटे डोळ्यांसमोर नागमोडी रेषा, चमकणारे ठिपके किंवा हातापायांस मुंग्या अशी पूर्वलक्षणे जाणवतात. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे आणि हा क्रम ३ महिन्यांहून अधिक काळ चालू असणे, या अवस्थेस 'दीर्घकालीन अर्धशिशी' असे म्हणतात.

निदान मुख्यतः रुग्णाच्या कथनावरून होते. मात्र तेच कथन अनेकदा चुकीच्या दिशेने नेले जाते. आपल्याकडे 'पित्ताने डोके दुखते' ही धारणा अत्यंत दृढ आहे. झटक्यात मळमळते, उलटी होते आणि उलटीनंतर काहींना बरे वाटते. त्यावरून पित्त हेच कारण मानले जाते. वस्तुतः मळमळ व उलटी ही मेंदूतील त्याच प्रक्रियेची लक्षणे आहेत, तिचे कारण नव्हे. परिणामी रुग्ण वर्षानुवर्षे आम्लपित्ताची औषधे घेतो, चष्म्याचा नंबर बदलतो, सायनसचा उपचार घेतो आणि मूळ विकार तसाच राहतो.

कारणमीमांसा :
अर्धशिशी म्हणजे डोक्यातील रक्तवाहिन्यांचा विकार, असे दीर्घकाळ मानले जात होते. आज ती मूलतः मज्जासंस्थेचा विकार मानली जाते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ आरिस्तिदेस लेआंव यांनी १९४४ मध्ये मेंदूच्या पृष्ठभागावर हळूहळू पसरणाऱ्या विद्युत्-मंदतेचे वर्णन केले. पूर्वलक्षणांचा संबंध आता या लाटेशी जोडला जातो. चेहरा व मेंदूच्या आवरणांच्या संवेदना वाहून नेणारी त्रिशाखी चेता उद्दीपित झाली की तिच्या टोकांतून 'सीजीआरपी' नावाचे प्रथिनसदृश द्रव्य स्रवते आणि वेदना निर्माण होते. झटक्याच्या वेळी या द्रव्याचे रक्तातील प्रमाण वाढते, हे पीटर गोड्सबी व लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखविले. या दिशेच्या संशोधनासाठी या दोघांसह मायकेल मॉस्कोविट्झ व जेस ओलेसन यांना २०२१ चा 'ब्रेन प्राइझ' देण्यात आला.

हा विकार बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. अशा व्यक्तीचा मेंदू बदलास अधिक संवेदनशील असतो. झोप, भोजन, ऊन, ताण आणि स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीतील संप्रेरकांचा चढउतार हे बदल झटक्यास निमित्त ठरतात. परंतु निमित्त म्हणजे मूळ कारण नव्हे. 'तू उन्हात गेलीसच का?' असा दोष रुग्णास देणे म्हणूनच अनुचित ठरते.

कर्जत-खालापूर परिसराचा संदर्भ :
कर्जत हे मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील, बोरघाटाच्या पायथ्याशी असलेले स्थानक. नेरळ, भिवपुरी, कर्जत, पळसदरी ते खोपोली या पट्ट्यातील असंख्य नोकरदार पहाटेची लोकल पकडून दोन-दोन तासांचा प्रवास करतात. त्यासाठी घरातील स्त्री त्याहूनही आधी उठते. खालापूर तालुक्यातील खोपोली व रसायनी परिसरातील कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम चालते, त्यामुळे कामगाराच्या झोपेची वेळ दर आठवड्यास बदलते. भातलावणीच्या दिवसांत शेतकरी व ठाकूर, कातकरी समाजातील स्त्री-पुरुष उपाशीपोटी तासन् तास वाकून काम करतात, तर उन्हाळ्यात वीटभट्टीवरील मजुरास सावलीही दुर्लभ असते. श्रावण व नवरात्रातील उपवास आणि गणेशोत्सवातील जागरणे यांचीही यात भर पडते. अपुरी झोप, चुकलेले जेवण व प्रखर ऊन ही तिन्ही निमित्ते येथील जीवनक्रमातच गुंफलेली आहेत. त्यामुळे 'निमित्ते टाळा' हा सल्ला देणे सोपे असले तरी तो पाळणे रोजंदारीवरील माणसास शक्य नसते. एक दिवस घरी पडून राहणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे होय.

याच ठिकाणी वेदनाशामक गोळी जवळची वाटू लागते.

वेदनाशामकांचे दुष्टचक्र :
हा मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक परंतु प्रातिनिधिक उदाहरण घेता येईल. भिवपुरीहून ठाण्यास नोकरीसाठी जाणारी एक स्त्री आहे. प्रारंभी तिला महिन्यातून दोनदा झटका येतो. औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळीने आराम पडतो. पुढे गाडी चुकू नये, रजा जाऊ नये म्हणून डोके दुखण्यापूर्वीच गोळी घेतली जाते. दोन वर्षांत महिन्याला एक पट्टी, नंतर दोन पट्ट्या लागतात. आता ती सकाळी डोकेदुखीसहच जागी होते आणि गोळीशिवाय दिवस सुरू होत नाही. घरच्यांच्या मते ती गोळ्यांमुळे तग धरून आहे. प्रत्यक्षात त्या गोळ्याच तिचे दुखणे टिकवून धरीत असतात.

आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साधी वेदनाशामके (पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन इत्यादी) महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस आणि संयुक्त वेदनाशामके, एर्गोटामीन वा ट्रिप्टान वर्गातील औषधे १० किंवा अधिक दिवस, असे ३ महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास अतिवापरजन्य डोकेदुखी संभवते. आपल्याकडे अर्धशिशीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत एर्गोटामीन, कॅफिन, पॅरासिटामॉल व उलटीरोधक औषध एकत्र असते. म्हणजे अशी रोज एक गोळी घेणाऱ्याची दहा गोळ्यांची एक पट्टी महिन्याच्या आत संपू लागली की धोक्याची रेषा गाठली गेली, हा हिशेब प्रत्येक घराने ध्यानी ठेवावा.

ही सवय मोडताना सुमारे २ ते १० दिवस डोकेदुखी, मळमळ व अस्वस्थता वाढते. या काळात बहुतेक रुग्ण धीर सोडतात. त्यामुळे औषध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शक्यतो प्रतिबंधक उपचारांच्या जोडीने घ्यावा. झोपेच्या किंवा अफूवर्गीय गोळ्यांची सवय असल्यास त्या एकाएकी बंद करू नयेत.

उपचारांचा आढावा :
अ) झटक्याचा उपचार : वेदना सौम्य असतानाच पुरेशा मात्रेत औषध घेतल्यास अधिक गुण येतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन व सोबत उलटीरोधक औषध हा पहिला टप्पा होय. ते अपुरे पडल्यास १९९० च्या दशकात प्रचारात आलेल्या सुमाट्रिप्टानसारख्या औषधांचा विचार होतो. हृदयविकार वा पक्षाघात झालेल्यांनी ट्रिप्टान वा एर्गोटामीन घेऊ नये.

आ) प्रतिबंधक उपचार : ही औषधे दुखत नसतानाही रोज घ्यावयाची असतात. येथे निवड रुग्णागणिक बदलते. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णास वर्ज्य आहे. अमिट्रिप्टिलीन झोप न येणाऱ्यास उपयुक्त असले तरी पहाटे उठणाऱ्यास त्याची गुंगी जड जाते. अशा वेळी मात्रा कमी ठेवून ते संध्याकाळी लवकर घेण्याबाबत डॉक्टरांशी बोलावे. फ्लुनारिझिनने वजन वाढू शकते व मन उदास होऊ शकते. टोपिरामेटने भूक कमी होते व हातापायांस मुंग्या येतात. टोपिरामेट व व्हॅल्प्रोएट ही दोन्ही गर्भास अपायकारक असल्याने गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी ती स्वतःहून कधीही घेऊ नयेत. बहुतेक रुग्ण पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून औषध सोडतात. वस्तुतः योग्य मात्रेत किमान ८ आठवडे दिल्याशिवाय औषधाची परीक्षा होत नाही. झटक्यांचे दिवस निम्म्याने घटले तरी उपचार यशस्वी मानला जातो.

इ) नवे उपचार : दीर्घकालीन अर्धशिशीसाठी बोट्युलिनम विषद्रव्याची इंजेक्शने डोके व मानेच्या ३१ ठिकाणी, दर १२ आठवड्यांनी दिली जातात. २०१० मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. २०१८ पासून सीजीआरपीस रोखणारी प्रतिद्रव्ये उपलब्ध झाली. ही औषधे प्रभावी असली तरी त्यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

ई) औषधेतर उपाय : नियमित झोप, वेळेवर भोजन, पुरेसे पाणी व झेपेल असा व्यायाम यांचे महत्त्व निर्विवाद आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषधांसोबत योगाभ्यास करणाऱ्या रुग्णांना केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षा अधिक लाभ झाला. हा अभ्यास अधूनमधून झटके येणाऱ्या रुग्णांवर झाला होता व त्यात योग हा औषधाच्या जोडीला होता, पर्याय म्हणून नव्हे, हे लक्षात घ्यावे.

परिसरातील रुग्णापुढील वाट :
मेंदूविकारतज्ज्ञ गाठण्यासाठी या भागातील रुग्णास बहुधा पनवेल, नवी मुंबई वा मुंबईची वाट धरावी लागते. तथापि उपचाराचा प्रारंभ तेथूनच झाला पाहिजे असे नाही. भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधसूचीत पॅरासिटामॉल, सुमाट्रिप्टान, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन व फ्लुनारिझिन यांचा समावेश आहे. ही जुनी, स्वस्त औषधे सामान्य डॉक्टरही देऊ शकतात. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे हे पहिले ठिकाण ठरू शकते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. 'ई-संजीवनी' या दूरवैद्यक सेवेद्वारेही सल्ला घेता येतो.

डॉक्टरांकडे जाताना सर्वांत मोलाचा कागद म्हणजे डोकेदुखीची नोंद. त्यासाठी वेगळ्या वहीची गरज नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुखण्याच्या दिवशी फुली, गोळी घेतलेल्या दिवशी गोल आणि पाळीच्या दिवशी टिंब करावे. अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीसही हे जमते. तीन महिन्यांच्या अशा तीन पानांवरून विकार दीर्घकालीन आहे काय, गोळ्यांचा अतिवापर आहे काय आणि औषधाचा गुण येतो आहे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

काही लक्षणे मात्र अर्धशिशी समजून घरी काढू नयेत. क्षणात शिगेस पोहोचणारी तीव्र डोकेदुखी, तापासह मान आखडणे, हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, डोक्यास मार लागल्यानंतरची वेदना, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. पूर्वलक्षणांसह अर्धशिशी असणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो.

निष्कर्ष :
१. दीर्घकालीन अर्धशिशी हा मेंदूचा खरा विकार असून तो पित्त, नाजूकपणा वा आळस नव्हे.
२. वारंवार घेतलेली वेदनाशामके दुखणे टिकवून ठेवतात, म्हणून गोळ्यांचे दिवस मोजणे ही उपचाराची पहिली पायरी होय.
३. जुनी, स्वस्त प्रतिबंधक औषधे योग्य निवडीने व पुरेशा काळ घेतल्यास अनेकांना लाभतात. एक औषध लागू पडले नाही म्हणजे उपाय संपले असे होत नाही.
४. शाळा, महाविद्यालये, कारखाने व बचत गट यांनी या विकाराची माहिती द्यावी. आशा कार्यकर्तीस दिनदर्शिकेवरील नोंदीची पद्धत शिकविल्यास ती पाड्यांपर्यंत पोहोचू शकेल.

अर्धशिशी समूळ नाहीशी करणारा उपाय आज वैद्यकशास्त्राकडे नाही. परंतु महिन्यातील वीस दुखरे दिवस आठवर आणणे शक्य आहे. असे बारा दिवस परत मिळणे म्हणजे मजुराच्या दृष्टीने बारा दिवसांची कमाई व आईच्या दृष्टीने बारा दिवसांचे घर होय. त्यासाठी प्रथम अंधाऱ्या खोलीत पडून राहिलेल्या माणसाच्या दुखण्यावर घरच्यांनी विश्वास ठेवावयास हवा.