दोन मखमलींमधली फट

पिनहोल कॅमेऱ्याचं कौतुक होतं ते त्याच्या भोकाचं. माझ्या लेखी खरी कारागिरी असते पाठीमागे, फिल्म होल्डरमध्ये. भोक पातळ पत्र्यात सुईनं पाडून, पॉलिश पेपरनं घासून साफ केलं की झालं. होल्डर मात्र थरावर थर चढवत रचावा लागतो, आणि तो घेऊन भर उन्हात हिंडलं तरी आतला मिट्ट काळोख टिकावा लागतो.

आधी हिशेब पाहू. भोकापासून कागद १०० मिलिमीटरवर असेल तर भोक साधारण ०.४५ मिलिमीटर व्यासाचं लागतं. म्हणजे ॲपर्चर एफ/२२०च्या आसपास. मी निगेटिव्हसाठी फिल्मऐवजी फोटो छापायचा ब्रोमाइड पेपर वापरतो. त्याची संवेदनक्षमता आयएसओ ६ धरली तर लख्ख उन्हातही अर्धा मिनिट भोक उघडं ठेवावं लागतं. चित्र उमटवणारा सगळा उजेड पाव चौरस मिलिमीटरपेक्षाही कमी जागेतून येतो. आता सांध्यात केसाइतकी बारीक फट राहिली आणि ती दोन-अडीच मिलिमीटर लांब असली, तर तिचं क्षेत्रफळ थेट भोकाएवढं होतं. तिलाही तोच अर्धा मिनिट मिळतो, आणि होल्डर उन्हात राहील तेवढा वेळ वर.

एका बाबतीत मात्र सूट आहे. लेन्सच्या कॅमेऱ्यात फिल्मची पातळी जराशी चुकली तरी चित्र धूसर होतं. पिनहोलला फोकस करायचाच नसतो. पुठ्ठा अर्धा मिलिमीटर जास्त जाड निघाला तरी काही बिघडत नाही. त्यामुळेच हे काम घरच्या टेबलावर, कटर आणि स्टीलच्या पट्टीनं जमतं. सगळं लक्ष उजेड अडवण्याकडे देता येतं.

माप मी चार बाय पाच इंच ठेवतो. आठ बाय दहाच्या एका कागदाचे चार तुकडे होतात, वाया काही जात नाही. तळाला बाइंडिंगचा दोन मिलिमीटरचा पुठ्ठा. त्यावर तीन बाजूंनी बारीक पट्ट्या, की मध्ये कागदाचा कप्पा तयार होतो. त्या पट्ट्यांवर जरा रुंद पट्ट्या, कागदाची कड दोन मिलिमीटर दाबून धरणाऱ्या. त्यावर डार्क स्लाइड, म्हणजे कागद झाकणारं पातळ झाकण, सरकायची खाच, आणि सगळ्यात वर खिडकीची चौकट. खालच्या बाजूला कागद भरायची झडप असते. तिला बिजागरी बाइंडिंगच्या कापडाची. स्लाइडचं टोक या झडपेच्या खाचेत शिरतं, म्हणजे तिथून येणाऱ्या उजेडाला दोनदा वळावं लागतं. काळ्या भिंतींमध्ये दोन वळणं घेतल्यावर त्याच्यात फारसं काही उरत नाही. पुठ्ठ्याच्या कापलेल्या करड्या कडांनाही म्हणूनच काळी शाई लावायची. फेव्हिकॉल पातळ लावून पुठ्ठा रात्रभर वजनाखाली ठेवला नाही तर तो वाकतो. माझ्याकडे ते काम शब्दकोशाचे खंड करतात.

स्लाइडसाठी काळा कार्डपेपर सुचतो, पण तो उन्हासमोर धरून पाहावा: पातळ असेल तर उजेड झिरपतोच. ऑफसेट छापखान्यातली वापरलेली ॲल्युमिनियमची प्लेट उत्तम. पातळ, ताठ, कात्रीनं कापता येते आणि संपूर्ण अपारदर्शक. तिला काळा रंग देऊ नये. रंग घासून त्याची पूड कागदावर पडते आणि निगेटिव्हवर पांढरे ठिपके उमटतात. नुसती पॉलिश पेपरनं चमक मारावी, कडा गुळगुळीत कराव्यात.

आता खरी जागा: स्लाइड जिथून बाहेर येते ते तोंड. स्लाइड पूर्ण काढल्यावर तिथे उघडी फट उरते. ती मिटवतात समोरासमोर बसवलेल्या मखमलीच्या दोन पट्ट्या. तुळशीबागेत मिळणारी काळी मखमली रिबन चालते, पण लव दाट हवी. पट्टीखाली दाराला लावतात तसली फोमची पातळ टेप घातली, की स्लाइड निघताक्षणी फोम फुगतो आणि दोन्ही मखमली एकमेकींना भिडतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी लव एका बाजूला झुकते. ती आतल्या दिशेला झुकेल अशी पट्टी चिकटवायची, म्हणजे स्लाइड परत घालताना तिची कड कापडाला अडकत नाही. कापलेल्या टोकांना फेव्हिकॉलचं बोट लावायचं, नाहीतर धागे सुटून कागदावर पडतात.

उजेड सर्वाधिक शिरतो तो या पट्टीच्या दोन टोकांशी, जिथे मखमल बाजूच्या पुठ्ठ्याला भेटते. मापात कापलेली पट्टी तिथे तोकडीच पडते. दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर जास्त ठेवून ती कोपऱ्यात कोंबावी. आणि स्लाइड घालताना सरळच घालावी. एक कोपरा आधी शिरला तर तो मखमल दाबून उघडतो आणि शेजारी त्रिकोणी फट राहते. दुकानातल्या महागड्या होल्डरमध्येही उजेड असाच घुसतो.

परीक्षा कागदच घेतो. लाल दिव्यात होल्डर भरायचा, स्लाइड बंद ठेवून तो गच्चीत उन्हात ठेवायचा, दर थोड्या वेळानं एकेक कड उन्हाकडे करायची. मग कागद डेव्हलप करायचा. तो पांढराशुभ्र राहिला तर तोच होल्डर पुन्हा भरून, कॅमेऱ्याला लावून, भोक टेपनं बंद करून, स्लाइड काढून उन्हात ठेवायचा, कारण होल्डर आणि कॅमेऱ्यामधला सांधा ही वेगळी परीक्षा आहे. कुठे गळत असेल तर डाग पंख्यासारखा पसरतो. त्याचं निमुळतं, सर्वांत काळं टोक जिकडे, तिकडे फट. कागदावर फुली मारून तो होल्डरला लावून पाहिला की जागा सापडते.

प्रत्येक होल्डरच्या चौकटीत आतून बारीक खाचा पाडाव्यात, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. त्या निगेटिव्हच्या कडेला उमटतात. पुढे-मागे एखाद्या निगेटिव्हचा कोपरा काळवंडलेला दिसला, तर सगळे होल्डर उघडत बसावं लागत नाही. खाचा मोजायच्या आणि त्याच होल्डरचा दबून गेलेला फोम बदलायचा.