हाताची रेस

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पायाखाली तीन पेडल होती, पण त्यांत एक्सलरेटर नव्हता. 1908 ते 1927 या वर्षांत बनलेल्या त्या दीड कोटी गाड्या हाताच्या रेसवर चालल्या. स्टिअरिंगखाली उजव्या हाताला एक दांडी असे. ती ओढली की इंजिन चढायचं, आणि हात काढून घेतला तरी दांडी आपल्या जागेवर राहायची. पुढे पायाचा एक्सलरेटर रूढ झाला आणि शहरातल्या मोटारीतून ही दांडी गेली. कामाच्या गाड्यांनी मात्र ती सोडली नाही. ट्रॅक्टरवर ती आजही आहे, आणि जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर नॉबच्या रूपात ती कित्येकांनी पाहिली असेल.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस एमबी जीपला चोकच्या नॉबबरोबर थ्रॉटलचाही नॉब होता. 2.2 लिटरचं, 60 अश्वशक्तीचं तिचं इंजिन विलीसचे मुख्य अभियंता बार्नी रूस यांनी घडवलं होतं. थंडीत इंजिन गरम होईपर्यंत थोडी रेस धरून ठेवायची, उभ्या गाडीत बॅटरी चार्ज करायची, अशा कामांना तो नॉब उपयोगी पडे. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये विलीसने सीजे-2ए ही नागरी जीप काढली आणि ती अमेरिकन शेतकऱ्यापुढे ठेवली. तिच्या मागे पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर बाहेरच्या यंत्राला देणारा शाफ्ट, जोडता येई. त्यावर करवत, पंप, मळणी यंत्र चालवायचं असेल तर माणूस गाडीखाली उतरलेला आणि इंजिन एका ठरावीक वेगावर, अशी व्यवस्था हवी होती. 1948 मध्ये आलेल्या लँड रोव्हरचाही विचार हाच होता. आपल्याकडे जीप आली ती महिंद्रांमुळे. 1940च्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीसच्या सुट्या भागांची जोडणी सुरू झाली, आणि त्या घराण्यातल्या जीप पुढे अनेक दशकं महाराष्ट्राच्या घाटांत, धरणांच्या कामांवर आणि वनखात्यात राबल्या.

ट्रॅक्टर आणि जीप या दोघांच्या हाताच्या रेसमध्ये एक मोठा फरक आहे, आणि बऱ्याच अपघातांचं मूळ तो न समजण्यात आहे. खळ्यावर मळणी चालू असताना चालक लिव्हर लावून खुशाल खाली उतरतो. ओंब्यांची मोठी पेंढी आत गेली की इंजिन जरा दबतं आणि लगेच सावरतं, कारण ट्रॅक्टरच्या पंपात गव्हर्नर आहे. लिव्हरने आपण त्याला वेग सांगतो. भार वाढला तर डिझेल वाढवायचं आणि भार सुटला तर कमी करायचं, हे गव्हर्नर स्वतः बघतो. पेट्रोल जीपच्या कार्ब्युरेटरवर असं कोणी बसलेलं नाही. तिथे नॉब फक्त हवेची झडप एका जागी धरून ठेवतो. चाक दगडावर चढताना भार आला की वेग पडतो, आणि दगड ओलांडून भार सुटला की तीच उघडी झडप इंजिनाला एकदम चढवते. सीजे-2एच्या ग्राहकाला म्हणूनच गव्हर्नर वेगळा घेता येत असे. ज्या जीपला तो नाही, तिच्या हाताच्या रेसकडून वेग राखण्याची अपेक्षा करू नका. क्रूझ कंट्रोलशीही तिचं नातं नाही. ब्रेक दाबला की क्रूझ कंट्रोल सुटतो. हाताची रेस मात्र तुम्ही सोडेपर्यंत सुटत नाही.

मग दगडधोंड्यांत ती हवीशी का वाटते? खडकाळ वाटेवर गाडी उसळते, तिच्याबरोबर चालकाचा पाय उसळतो, पायाबरोबर रेस वर-खाली होते आणि त्या रेसने गाडी आणखी उसळते. या चक्रात टायर घसरतात, एक्सलचे शाफ्ट तुटतात. रेस हाताने बाराशे आरपीएमच्या आसपास धरली की चक्र तुटतं. उजवा पाय ब्रेकसाठी मोकळा होतो, डावा क्लचवर राहतो. सीजे-2एच्या पहिल्या गिअरचं प्रमाण 2.8, लो रेंजचं 2.43 आणि एक्सलचं 5.38. तिन्हींचा गुणाकार सुमारे 36.6 होतो. हजार आरपीएमला चाक मिनिटाला 27 फेरे घेतं, म्हणजे गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने सरकते. चालणारा माणूस तिच्या पुढे जाईल. इतक्या कमी वेगात पायाने रेस सारखी ठेवणं कसलेल्या चालकालाही जड जातं.

दुसरं मोठं काम विंचचं. गोव्यात पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत चिखलात रुतलेली गाडी तारेने ओढून काढणं हा खेळाचा मुख्य भागच आहे. पूर्ण भाराखाली इलेक्ट्रिक विंच चारशे अँपिअर किंवा त्याहून जास्त वीज खाते. निष्क्रिय वेगावर अल्टरनेटर ती भूक भागवू शकत नाही आणि बॅटरी भराभर उतरते. इंजिन पंधराशेवर धरलं तर बॅटरीला बराच आधार मिळतो. गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला आणि चालक सीटवर, हे तिन्ही असतील तेव्हाच ही रेस लावावी. गिअरमध्ये असलेल्या गाडीला हाताची रेस लावून खाली उतरणं हा माझ्या लेखी अक्षम्य गुन्हा आहे.

आता बसवण्याकडे वळतो. मूळ नॉब गेला असेल तर चोकसारखी ओढायची केबल चालते, पण ती ओढल्या जागी घट्ट राहणारी आणि सहज आत जाणारी हवी. अमेरिकेत बरेच जण सायकलचा गिअर बदलायचा जुन्या धाटणीचा लिव्हर गिअरच्या दांड्यावर बसवतात. खटके नसलेला, फक्त घर्षणावर थांबणारा लिव्हर असला तर रेस हवी तितकी बारीक लावता येते आणि हात गिअरवरच राहतो. मला ही जागा डॅशबोर्डपेक्षा बरी वाटते. उसळत्या गाडीत पुढे वाकून नॉब शोधावा लागत नाही.

केबलचं दुसरं टोक कुठे जोडायचं, हा खरा प्रश्न. सरळ कार्ब्युरेटरवर जोडलं तर केबल बॉडी आणि इंजिन यांच्या मध्ये ताणली जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि जोर घेताना एका बाजूला कलतं. केबल आखूड असेल तर ते कलणंच तिला ओढतं, रेस आणखी वाढते, इंजिन आणखी कलतं. म्हणून तिथे मोठा सैल वळसा ठेवावा लागतो. तो सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डपासून आणि स्टिअरिंगच्या शाफ्टपासून दूर हवा, आणि पत्र्यातून केबल जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. याहून सोपी वाट म्हणजे केबल केबिनमध्येच ठेवून एक्सलरेटर पेडलच्या दांड्याला जोडणं. उष्णतेचा आणि इंजिन हलण्याचा प्रश्न उरत नाही, शिवाय हाताची रेस किती लागली आहे ते पेडलच्या जागेवरून पायाला कळतं.

जोड कोणताही असो, केबलने पेडलला फक्त ओढावं. पायाने जास्त रेस दिली तर पेडल केबलच्या पुढे मोकळं गेलं पाहिजे, यासाठी टोकाला लांबट फट असलेली पट्टी किंवा सरकणारा क्लॅम्प लावतात. झडप बंद करण्याचं काम केबलवर कधीही सोपवू नये. केबल ढकलायला गेलं की वाकते. बंद करायचं काम स्प्रिंगचं, आणि स्प्रिंग दोन असाव्यात. एक तुटली तर दुसरीने झडप पूर्ण मिटवली पाहिजे. नॉब पूर्ण आत असताना केबलला दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर इंजिन निष्क्रिय वेगावर कधी उतरणारच नाही. आणि लिव्हरच्या प्रवासाला एक अडथळा घाला, म्हणजे तो पूर्ण ओढला तरी इंजिन दोन हजारांच्या वर जाणार नाही. त्याहून जास्त रेस हाताने लागावी असं एकही काम मला माहीत नाही.

तपासणी इंजिन बंद ठेवून सुरू करा. बॉनेट उघडं, एक माणूस कार्ब्युरेटरपाशी. पेडल तळापर्यंत दाबून एकदम सोडा. झडप स्टॉपवर आपटल्याचा टक आवाज यायला हवा. मग हाताची रेस पूर्ण ओढून आत ढकला, तोच आवाज पुन्हा ऐका. एक स्प्रिंग काढून हेच करा, मग ती परत लावून दुसरी काढून. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून केबल कुठे अडकते का ते पाहा. त्यानंतरच इंजिन न्यूट्रलमध्ये चालू करा. चिखलात आणि नदीच्या पाण्यात गाडी घातली असेल तर परतल्यावर ही तपासणी पुन्हा करा, कारण केबलच्या आवरणात गाळ शिरला की ती हळूहळू जड होते.

चालवताना रेस अडकली तर पहिला क्लच, मग लिव्हर, मग किल्ली. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर छत्तीस पटीने चाकावर येतो आणि जुन्या ड्रम ब्रेकला तो आवरेलच असं नाही. किल्ली फक्त बंदपर्यंत फिरवा. ती काढली तर काही गाड्यांत स्टिअरिंग लॉक होतं. जुन्या यांत्रिक पंपाच्या अनेक डिझेल गाड्यांत किल्लीने इंजिन बंद होत नाही, त्यासाठी ओढायचा वेगळा नॉब असतो. तो चालतो याची खात्री नसेल तर हाताची रेस बसवूच नये. तीव्र उतारावर मात्र क्लच दाबला की गाडी सुटते आणि इंजिनाचा अटकाव जातो. म्हणून उतार लागण्याआधीच लिव्हर पूर्ण आत गेलेला असावा. आणि डांबरी रस्त्यावर येताच तो आत ढकलून विसरून जावा.

जिप्सी, जुन्या मेजर, एमएम 540 अशा केबलच्या गाड्यांत हे सगळं जमतं. पेडल इलेक्ट्रॉनिक असलेल्या नव्या थारसारख्या गाड्यांत ओढायला केबलच नाही, आणि पेडलच्या सेन्सरच्या वायरशी खेळणं कोणीही करू नये. तिथे हाताच्या रेसची गरजही कमी आहे, कारण निष्क्रिय वेग कोसळू नये याची काळजी कंट्रोल युनिट घेतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. काम हाती घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे एकदा विचारून घ्या.

जुनी जीप विकत घेतली असेल तर उद्याच बॉनेट उघडा. डॅशबोर्डचा तो नॉब अर्धवट ओढला जात असेल, आत जाताना अडत असेल, तर नवी केबल टाका आणि वर सांगितल्याप्रमाणे तपासा. ते जमणार नसेल तर केबल झडपेपासून सोडवून पूर्ण काढून टाका. अडकणारी केबल एक दिवसही गाडीत ठेवू नका.