नोकरी शोधायचा खर्च टॅक्समधून वजा होतो का?

घर इंदूरला, मुलाखत पुण्यात. गाडीचं तिकीट, एका दिवसाचं लॉज, स्टेशनवरून रिक्षा, नवा शर्ट, शिवाय बायोडेटा नीट करून देणाऱ्याचे पैसे. अशा चार-पाच मुलाखती झाल्या की किती रक्कम हातातून गेली, हे कळतही नाही. मग रिटर्न भरताना मनात येतंच, हा खर्च टॅक्समधून वजा होत असेल ना?

नाही होत. भारतात पगारदाराला अशी सूट नाही.

मोबाइलवर शोधलंत तर ‘होतो’ असं सांगणारे लेख सापडतील. त्यांतले बरेच अमेरिकेतले आणि जुने असतात. तिथे 2017 पर्यंत आपल्याच क्षेत्रातली नवी नोकरी शोधण्याचा खर्च एका मर्यादेनंतर वजा करता यायचा. 2018 पासून ही सवलत थांबली आणि 2025 च्या कायद्याने कायमची गेली. जर्मनीत मात्र अर्जाचा, मुलाखतीच्या प्रवासाचा खर्च आजही दाखवता येतो, नोकरी मिळो वा न मिळो. तुमचा मुलगा किंवा मुलगी तिथे कामाला असेल तर त्यांना हे जरूर कळवा.

आपल्याकडे पगारातून एकच ठोक वजावट मिळते, ती म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन. नव्या करपद्धतीत 75,000 रुपये, जुन्या पद्धतीत 50,000. नोकरीपायी होणारा सगळा खर्च त्यातच आला, असं धरायचं. दुकानदार माल आणायला गेला तर त्याचं गाडीभाडं धंद्याचा खर्च म्हणून वजा होतं आणि पोटासाठी मुलाखतीला जाणाऱ्याचं होत नाही. हे मला काही पटत नाही, पण नियम तोच आहे.

तरी तिकिटं फेकून देऊ नका. काही कंपन्या बाहेरगावच्या उमेदवाराला प्रवासखर्च देतात, पण विचारलं तरच. मुलाखतीची तारीख ठरवतानाच विचारून घ्या. नोकरी नसताना घरून भाषांतर, डिझाइन, शिकवण्या असं स्वतंत्र काम करत असाल, तर त्या कमाईसाठी झालेला इंटरनेटसारखा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो. त्यात मुलाखतीचं तिकीट मात्र घुसडू नका.

नवा कोर्स केलात? त्याची फीही वजा होत नाही. 80सी खालची ट्यूशन फी मुलांच्या शिक्षणाची असते, स्वतःच्या नव्हे. उच्च शिक्षणासाठी बँकेचं कर्ज घेतलं असेल तर त्याचं व्याज वजा होतं, पण फक्त जुन्या पद्धतीत.

खरा फटका इथे बसतो

तिकिटाच्या हजार-दोन हजारांपेक्षा मोठी रक्कम एका छोट्याशा विसराळूपणामुळे जाते. समजा, आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये पहिले 6 महिने तुमचा पगार महिना 1 लाख होता. मग नोकरी बदलली, पुढचे 6 महिने सव्वा लाख. पहिल्या कंपनीने 6 लाख दिले, दुसरीने साडेसात लाख. दोघींच्या हिशेबात टॅक्स शून्य, म्हणून कोणीच काही कापलं नाही. तुम्ही खूश!

पण तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेतेरा लाख झालं. स्टँडर्ड डिडक्शन दोन कंपन्या असल्या तरी एकदाच मिळतं. ते वजा करून उरले पावणेतेरा लाख, म्हणजे 12 लाखांपर्यंतची करमाफी गेली. नव्या पद्धतीत त्यावर सेससह 74,100 रुपये टॅक्स होतो आणि वर दरमहा 1 टक्का दराने व्याज. जुलैमध्ये रिटर्न भरायला बसल्यावर हे कळतं, तेव्हा घरात काय वातावरण असतं ते सांगायला नको.

म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा तपशील नव्या कंपनीला द्या. आजवर हा फॉर्म 12बी म्हणून ओळखला जात आला आहे. मग नवी कंपनी दोन्ही पगार धरून दरमहा थोडा थोडा टॅक्स कापते. जुना पगार सांगायचा नसेल तर निदान हिशेब स्वतः करा आणि 15 मार्चच्या आत अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरा. व्याज बरंच वाचेल.

जाताना मिळणारे पैसे

नोकरी सुटली की पहिला मोह पीएफ काढायचा होतो. सलग 5 वर्षं पूर्ण होण्याआधी काढलात तर सहसा त्यावर टॅक्स लागतो. नव्या कंपनीत खातं ट्रान्सफर केलंत तर आधीची वर्षंही मोजली जातात. शिल्लक रजेचे पैसे मिळाले असतील तर खासगी नोकरीत काही अटींसह आयुष्यभरात एकूण 25 लाखांपर्यंत ते करमुक्त असतात, राजीनामा दिला असला तरी. तेव्हा शेवटच्या हिशेबाच्या कागदावर रजेचे पैसे वेगळे दाखवलेत का आणि त्यावर टॅक्स कापलाय का, ते सही करण्याआधी बघून घ्या.