मोटारींच्या गावातून पायी

पायी भटकण्याची हौस असलेल्या मराठी माणसाला भटकंती म्हटली की सह्याद्रीच आठवतो. एस. टी.ने एखाद्या फाट्यावर उतरावे, वाडीत गडाची वाट विचारावी, दिवसभर चालावे आणि संध्याकाळी डोंगराच्या दुसऱ्या अंगास उतरून तेथून मिळेल ती गाडी धरावी, हा आपला जुना परिपाठ. त्यात एक मोठी सोय दडलेली आहे, पण सवयीमुळे ती आपल्या ध्यानात येत नाही. स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्याला ज्या जागी ती उभी केली तेथेच परतावे लागते. त्याची वाट दोरीला बांधलेल्या गुरासारखी खुंट्याभोवती फिरते. बसने येणाऱ्याला असा खुंटा नसतो. त्याने एका गावी उतरावे आणि दुसऱ्या गावी चढावे. वारकरीही आळंदीहून पंढरपूरला पायी जातो आणि येताना बहुधा एस. टी.ने येतो. जाण्याचा आनंद पायांचा, परतण्याची सोय चाकांची.

हे तत्त्व डोंगर नसलेल्या मुलखातही तितकेच उपयोगी पडते. त्याचे उदाहरण म्हणून मी मुद्दाम एक सपाट आणि वरवर पाहता अगदी अरसिक वाटणारे गाव निवडले आहे. ते म्हणजे चेन्नईच्या नैर्ऋत्येस, बंगळूरच्या हमरस्त्यावर, सुमारे ४० किलोमीटरांवर असलेले श्रीपेरुंबुदूर. १९९१ च्या २१ मे रोजी येथे राजीव गांधींची हत्या झाली, तेव्हापासून हे नाव भारतभर माहीत झाले. त्यांचे स्मारक येथे आहे. पुढे या परिसराला दुसरीच ओळख मिळाली. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ मध्ये पहिली मोटार बाहेर पडली आणि २०१० मध्ये ओरगडम येथे रेनो-निसानचा कारखाना सुरू झाला. मोटारी घडविणाऱ्या या गावाला रेल्वेचे स्टेशन मात्र नाही.

तरीही येथे पोहोचणे अवघड नाही. चेन्नईहून पूनमल्लीमार्गे कांचीपुरमकडे जाणारी बस श्रीपेरुंबुदूरला थांबते. उत्तरेस चेन्नई-अरक्कोणम लोहमार्गावर तिरुवळ्ळूर आहे, तर दक्षिणेस चेन्नई-चेंगलपट्टू मार्गावर सिंगपेरुमाळ कोविल आहे. या दोन स्टेशनांना जोडणारा राज्यमार्ग श्रीपेरुंबुदूरवरूनच जातो. म्हणजे एका लोहमार्गाने यावे, मधला तुकडा पायी चालावा आणि दुसऱ्या लोहमार्गाने परतावे, अशी योजना सहज आखता येते.

परंतु येथे चालण्याची परंपरा लोहमार्गापेक्षा फार जुनी आहे. या गावाचे संस्कृत नाव भूतपुरी. परंपरेनुसार १०१७ मध्ये येथे रामानुजाचार्यांचा जन्म झाला. त्यांच्या चरित्रात कांचीपूर्ण नावाचा एक भक्त येतो. तमिळमध्ये त्याला तिरुक्कच्चि नंबी म्हणतात. तो पूनमल्लीचा राहणारा होता. कांचीच्या वरदराजाला पंख्याने वारा घालावयाचा हे त्याचे व्रत, आणि त्यासाठी तो पायी कांचीला जात असे. चरित्रकार ‘नित्य’ जात असे म्हणतात. पूनमल्ली ते कांची हे पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचे अंतर पाहता ‘वारंवार’ असा त्याचा अर्थ घ्यावा, हे बरे. श्रीपेरुंबुदूर त्याच्या वाटेवरच होते. तरुण रामानुजांनी त्याला जाता-येता पाहिले, आग्रहाने घरी नेले आणि त्याचे थकलेले पाय चेपण्याची इच्छा दर्शविली. कांचीपूर्ण ब्राह्मण नव्हता, म्हणून तो संकोचला. भक्ताला जात नसते, अशा आशयाचे उत्तर रामानुजांनी दिले. पुढे दक्षिणेत दूरवर पसरलेल्या एका विचाराची ही सुरुवात वाटेवरच्या एका भेटीत आहे. वाटसरू वाहनातून धूळ उडवीत निघून गेला असता, तर त्याचे पाय चेपण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

आदिकेशव पेरुमाळाच्या मंदिरात रामानुजांची जी उत्सवमूर्ती आहे, ती त्यांच्या हयातीत घडविलेली आणि त्यांना स्वतःला आवडलेली, अशी श्रद्धा आहे. भटकंतीचा आरंभ येथून करावा. दर्शन घेऊन गावाच्या मोठ्या तलावाची वाट विचारावी. तमिळ येत नसले तरी ‘एरिक्करै एंगे?’ एवढे दोन शब्द पुरतात. ‘तलावाचा बांध कोठे आहे?’ असा त्यांचा अर्थ.

हा तलाव, म्हणजे तमिळमधील ‘एरी’, समजून घेतल्याखेरीज या मुलखातील चालणे सार्थकी लागत नाही. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो लगेच उमगेल. जमीन सपाट दिसते, पण तिला पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने, अगदी मंद उतार आहे. त्या उतारावर चंद्रकोरीसारखा मातीचा बांध घातला की वरच्या अंगाचे पावसाचे पाणी त्यात साचते. बांधातील मोरी उघडली की ते खालच्या भातशेतीला मिळते. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या गावाच्या तलावात उतरते. अशी एकाखाली एक तलावांची माळ असते. श्रीपेरुंबुदूरच्या तलावाचे पाणी चेंबरंबाक्कमच्या विशाल तलावाकडे जाते. तेथून चेन्नईला पिण्याचे पाणी मिळते आणि तेथूनच अड्यार नदीत विसर्ग होतो. या व्यवस्थेची देखभाल पूर्वी गावेच करीत. याच जिल्ह्यातील उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातील शिलालेखांत, गावसभेने दरवर्षी निवडावयाच्या समित्यांमध्ये तलावाची स्वतंत्र समिती आहे.

पायी चालणाऱ्याला हा उतार आणि हे पाणी दिसते, मोटारीत बसलेल्याला दिसत नाही. हा केवळ सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नव्हे. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी अतिवृष्टी झाली, वरचे तलाव भरून वाहू लागले, चेंबरंबाक्कममधून पाणी सोडावे लागले आणि अड्यारच्या काठची वस्ती बुडाली. ओढे बुजवून, सांडव्यांच्या वाटा अडवून आपण काय गमावतो, हे त्या वेळी साऱ्या शहराला कळले. बांधावरून चालणाऱ्याला ते कोरड्या दिवसांतही कळते. ओढ्याच्या पात्रात भिंत उभी राहिली आहे, मोरी गाळाने तुंबली आहे, हे त्याच्या पायांखालीच असते. जेथे कोणी चालत नाही, तेथील पाण्याची वाट अडवणे सोपे जाते.

बांधावरून उतरल्यावर दक्षिणेची दिशा धरावी. दहा-बारा किलोमीटरांवर वल्लक्कोट्टै येथे मुरुगनाचे प्रसिद्ध मंदिर आहे. हे एका दिवसाचे पुरेसे चालणे होय. राज्यमार्गावर मालमोटारींची वर्दळ फार असते, म्हणून तो टाळून गावरस्त्यांनी, वाट विचारीत जावे. कारखान्यांच्या कुंपणामुळे कधी वळसा पडेल, तो आनंदाने घ्यावा. वल्लक्कोट्टैपुढे पाय नकोत म्हणाले तर बसने सिंगपेरुमाळ कोविल गाठावे. तेथे पल्लवकाळातील, खडकात कोरलेले नरसिंहाचे मंदिर पाहावे आणि लोकलने चेन्नईस परतावे.

ऋतूचा विचार मात्र अवश्य करावा. येथील मुख्य पाऊस आपल्यासारखा ज्येष्ठ-आषाढात नव्हे, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हे महिने उत्तम. तलाव भरलेले असतात, शेते हिरवी असतात आणि ऊन सोसवते. एप्रिलनंतर चालण्याचे धाडस करू नये. पहाटे निघावे, डोक्यास टोपी आणि जवळ भरपूर पाणी असावे. परतीच्या बसची चौकशी उतरल्या उतरल्याच करून ठेवावी.

कोणी म्हणेल, कारखान्यांच्या या धुरळ्यात चालण्यात कसली मौज? पण जेथे देखावा आयता मिळतो, तेथे सगळेच चालतात. वाटा मोडतात त्या अशा साध्या, सपाट गावांच्या, आणि एकदा मोडलेली वाट पुन्हा रुळणे कठीण. श्रीपेरुंबुदूर तर दूर राहिले. आपल्या गावाच्या बसथांब्यापासून शेजारच्या गावाच्या थांब्यापर्यंत पायी जाण्याची वाट आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ती शोधण्यास भाडे लागते ते फक्त परतीच्या तिकिटाचे.