घरच्या ट्रेडमिलवर धावताय? मग आधी ती लाल क्लिप शर्टाला लावा

जुलैचा महिना. बाहेर धो धो पाऊस, रस्त्यात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं ते कळत नाही आणि डोक्यात मात्र जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन घोळतेय. अशा वेळी हॉलच्या कोपऱ्यातल्या ट्रेडमिलची आठवण होते. तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल उचलले जातात, धूळ पुसली जाते, बटण दाबलं जातं आणि दुसऱ्याच मिनिटाला स्पीड थेट १० वर.

पुढे बहुतेक घरांमध्ये तीनपैकी एक गोष्ट घडते. आठवडाभरात कंटाळा येतो आणि टॉवेल पुन्हा आपल्या जागी जातात. नाहीतर तीन महिने इमानेइतबारे धावूनही रस्त्यावर उतरल्यावर दुसऱ्याच किलोमीटरला धाप लागते. तिसरी गोष्ट म्हणजे पाय घसरतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा फरक आहे. रस्त्यावर वेग तुम्ही ठरवता. दमलात की पाय आपोआप हळू पडतात, समोर कुत्रं आलं की तुम्ही थांबता. ट्रेडमिलवर वेग पट्टा ठरवतो. १० चा स्पीड लावला म्हणजे पट्टा दर सेकंदाला पावणेतीन मीटरहून जास्त मागे जाणार. तुम्ही फोन बघायला मान वळवली, बुटाची लेस सुटली, चक्कर आली, पट्ट्याला काहीही कळत नाही. जिममध्ये निदान आरडाओरडा ऐकून कुणीतरी धावत येतं. घरी सकाळी सहा वाजता सगळे झोपलेले असतात.

लाल क्लिप कशासाठी असते?

ट्रेडमिलच्या पॅनलवर एक लाल चावी लावलेली असते. तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला क्लिप. याला सेफ्टी की म्हणतात. क्लिप शर्टाला किंवा शॉर्ट्सला लावायची. तुम्ही मागे ओढले गेलात किंवा पडलात की दोरी ताणली जाते, चावी निघते आणि मोटरचा पुरवठा तुटतो.

बहुतेक घरांमध्ये ती चावी खरेदीच्या दिवशी पॅनलला चिकटवली जाते आणि क्लिप तिथेच लोंबकळत राहते. म्हणजे चावी आहे, पण ती खेचायला कुणी नाही. एकदा पट्टा हळू चालू ठेवून, दोन्ही बाजूंच्या स्थिर पट्ट्यांवर उभं राहून, चावी मुद्दाम ओढून बघा. मशीन थांबत नसेल तर त्यावर धावायचं नाही, आधी मेकॅनिकला बोलवायचं.

सुरुवातही तशीच करायची. पट्ट्यावर उभं राहून बटण दाबू नये. पाय बाजूच्या पट्ट्यांवर, स्पीड सगळ्यात कमी आणि पट्टा फिरायला लागला की मग त्यावर पाऊल. उतरताना वेग कमी करत आणायचा, पट्टा पूर्ण थांबू द्यायचा. धावत्या पट्ट्यावरून उडी मारून पाणी प्यायला जाणारे बरेच असतात. त्यातल्या काहींना परत चढताना वेग किती होता ते आठवत नाही.

आता जागेचा प्रश्न. आपल्या फ्लॅटमध्ये ट्रेडमिल कशी बसते? तोंड टीव्हीकडे आणि पाठ भिंतीला. नेमकं हेच उलटं आहे. ट्रेडमिलवरून माणूस पडतो तो मागे. मागे मोकळी जागा असेल तर तो जमिनीवर येतो आणि खरचटण्यावर भागतं. मागे भिंत, कपाट किंवा पलंग असेल तर तो भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो आणि पट्टा त्याची कातडी घासत राहतो. म्हणून मागे साधारण दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर तरी रिकामं हवं. खिडकी किंवा बाल्कनीचं दार पाठीमागे तर नकोच. एवढी जागा नसेल तर त्या घरात ट्रेडमिलवर चालावं, जोरात धावू नये. हे ऐकायला वाईट वाटतं, पण पर्याय नाही.

आणि हो, लाईट जाणं. धावता धावता वीज गेली की पट्टा मंदावतो, तुमचं शरीर नाही. त्यामुळे कुठल्याही वेगात कठडा हाताच्या टप्प्यात असेल एवढं पुढेच राहायचं, पट्ट्याच्या शेपटाकडे सरकायचं नाही.

घरात लहान मूल असेल तर

२००९ साली बॉक्सर माइक टायसनच्या चार वर्षांच्या मुलीचा अमेरिकेतल्या फिनिक्समधल्या घरी मृत्यू झाला. तिचा गळा ट्रेडमिलला लोंबकळणाऱ्या दोरीत अडकला होता. मशीनवर कुणी धावत नव्हतं.

२०२१ मध्ये पेलोटन या अमेरिकन कंपनीला आपल्या 'ट्रेड प्लस' या महागड्या ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. सुमारे सव्वा लाख मशीन. माणसं, मुलं, पाळीव प्राणी किंवा वस्तू पट्ट्याच्या मागच्या टोकाखाली खेचल्या गेल्याच्या ७० हून जास्त तक्रारी होत्या आणि एका सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता. सुरुवातीला कंपनी मशीन परत मागवायला तयार नव्हती. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने थेट लोकांनाच इशारा दिला, त्यानंतर चक्रं फिरली.

पट्टा मागच्या रोलरवरून वळून खाली जातो, ती जागा सगळ्यात धोक्याची. जमिनीवर बसून खेळणाऱ्या मुलाच्या हातासाठी ती बरोबर उंचीवर असते. फिरत्या पट्ट्याला हात लागला तर घर्षणाने भाजतं आणि बोटांच्या कातडीला अशी जखम झाली की कधी कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

उपाय फुकटचा आहे. धावणं झालं की लाल चावी काढायची आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायची. चावीशिवाय मशीन सुरू होत नाही. मेन स्विच बंद, वायर काढलेली. ट्रेडमिल चालू असताना मुलांनी त्या खोलीत यायचं नाही. आजीच्या भरवशावर नातू आणि कानात इअरफोन घालून धावणारा बाबा, एवढ्यात अपघात व्हायला पुरेसा वेळ मिळतो.

मग सराव कसा करायचा?

पहिल्यांदा भाषा जुळवून घ्या. ट्रेडमिल बोलते ताशी किलोमीटरमध्ये, धावणारे बोलतात पेसमध्ये, म्हणजे एक किलोमीटरला किती मिनिटं. ६० ला स्पीडने भागलं की पेस मिळतो. ८ चा स्पीड म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं, १० म्हणजे सहा, १२ म्हणजे पाच.

पण स्क्रीनवरचा १० खरंच १० असतो का? नसतोही. हे घरी तपासता येतं. वीज बंद करून, पट्टा हाताने फिरवत त्याची पूर्ण लांबी टेपने मोजा. पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा. मग एकाने धावायचं आणि दुसऱ्याने एका मिनिटात ती खूण किती वेळा आली ते मोजायचं. समजा पट्टा २.८ मीटरचा आहे आणि मिनिटात ५७ फेरे झाले. म्हणजे मिनिटाला १५९.६ मीटर, तासाला साधारण ९.६ किमी. स्क्रीन १० दाखवत असेल तर मशीन थोडं खोटं बोलतंय. हे मोजताना वर कुणीतरी धावत असलंच पाहिजे, कारण कमकुवत मोटरचा पट्टा पाऊल पडलं की अडखळतो. हातातल्या घड्याळावर विसंबू नका, घरात ते हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. कॅलरीचा आकडा तर सोडूनच द्या.

दुसरा ऐकीव सल्ला म्हणजे चढ १ टक्का ठेवा. त्याच्या मागे एक खरा प्रयोग आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या जोन्स आणि डाउस्ट यांनी ९ सराव असलेल्या धावपटूंना रस्त्यावर आणि ट्रेडमिलवर धावायला लावून ऑक्सिजनचा खर्च मोजला. ट्रेडमिलवर समोरून वारा लागत नाही, त्यामुळे ती किंचित सोपी पडते. १ टक्का चढाने ती तूट भरून निघते. पण त्यांचे धावपटू ताशी साडेदहा ते १८ किमीने धावत होते. तुम्ही ८ ने धावत असाल तर वाऱ्याचा अडथळाच नगण्य, तेव्हा ० आणि १ यावर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये भांडण्यात अर्थ नाही.

वारा नसण्याचा दुसरा परिणाम मात्र मोठा आहे. घाम वाळत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद खोलीत वीस मिनिटं धावलं की वेग तोच असूनही हृदयाचे ठोके वाढत जातात. समोर टेबल फॅन हवाच, छताचा पुरत नाही. पाण्याची बाटली हाताशी, जमिनीवर नाही.

कठडा धरून धावणं हे सगळ्यात मोठं स्वतःला फसवणं. स्क्रीनवर १० टक्के चढ दिसतो, पण अर्धं वजन हातांवर असतं. कठडा धरावासा वाटतोय याचा अर्थ स्पीड किंवा चढ जास्त झालाय. कमी करा.

नव्याने सुरू करणाऱ्याने पाच मिनिटं ४.५ ते ५ ने चालावं. मग एक मिनिट ७ किंवा ८ ने धावणं आणि दोन मिनिटं ५ ने चालणं, असे आठ फेरे. शेवटी पाच मिनिटं हळूहळू वेग कमी करत चालणं. एकूण ३४ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी धावण्याचं मिनिट दीड करा. शेवटचं चालणं गाळू नका. एकदम थांबलं की पायातलं रक्त पायातच रेंगाळतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

आधीपासून धावणाऱ्यांसाठी ट्रेडमिलची खरी कमाई म्हणजे पेस आणि चढ. पहिल्या पाच किलोमीटरला उधळायची सवय असलेल्याला पट्टा सरळ करतो, कारण तो लावलेल्या वेगापेक्षा पुढे जाऊच देत नाही. सातारा हिल मॅरेथॉनची तयारी पनवेल किंवा नागपूरच्या सपाट रस्त्यावर करणाऱ्याला तर पर्यायच नाही. तीन मिनिटं ५ ते ६ टक्के चढ, तीन मिनिटं सपाट, असे पाच फेरे आठवड्यातून एकदा. मुंबई मॅरेथॉनचा पेडर रोडचा चढही असाच पायात भरून घेता येतो.

मात्र साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर तोच उतरायचाही असतो. घरच्या बहुतेक ट्रेडमिलना उतार नसतो. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना जो मार बसतो, त्याची सवय पट्ट्यावर होत नाही. शिवाय खडबडीत डांबर, वळणं, ऊन, स्पीड ब्रेकर यातलं काहीच घरात नाही. त्यामुळे आठवड्यातला निदान लांब पल्ल्याचा एक दिवस रस्त्यावर, पाऊस असला तरी.

कंटाळ्याचं काय? तो येणारच. ट्रेडमिलचा पूर्वज म्हणजे १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंजिनिअरने ब्रिटिश तुरुंगातल्या कैद्यांसाठी बनवलेलं पायचक्र, म्हणजे शिक्षाच. पण कंटाळ्यावर मात करणारेही आहेत. अमेरिकेतल्या अलास्कात बर्फामुळे क्रिस्टीन क्लार्क या डॉक्टर आणि दोन मुलांच्या आईने आपला बराचसा सराव घरात ट्रेडमिलवर केला. फेब्रुवारी २००० मध्ये ऑलिंपिक निवडीची मॅरेथॉन तिने २ तास ३३ मिनिटं ३१ सेकंदांत जिंकली आणि सिडनीला गेली. नावाजलेल्या धावपटू तिच्या मागे होत्या.

छातीत दुखलं तर

ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीच्या जिममध्ये ट्रेडमिलवर असताना विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव कोसळले. हृदयविकाराचा झटका होता. महिन्याहून जास्त काळ ते एम्समध्ये होते, २१ सप्टेंबरला गेले. तेव्हा सोशल मीडियावर ट्रेडमिललाच आरोपी करून झालं. पण आजार मशीनमध्ये नसतो, आधीपासून रक्तवाहिन्यांमध्ये असतो. तो शोधण्यासाठी डॉक्टर ज्या टीएमटीला पाठवतात, तिथेही ट्रेडमिलच असते. डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी साठच्या दशकात बसवलेल्या पद्धतीत ताशी २.७ किमी आणि १० टक्के चढावर सुरुवात होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढवत नेतात. फरक एवढाच की तिथे छातीला ईसीजीच्या तारा असतात आणि गडबड दिसली की कुणीतरी मशीन थांबवतं.

घरी ते काम तुमचंच. चाळिशी ओलांडलीय, बीपी किंवा शुगर आहे, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झालाय, सिगारेट आहे, तर जोरात धावण्याआधी डॉक्टरांना भेटा. धावताना छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात दुखणं, थंड घाम, नेहमीपेक्षा वेगळी धाप यातलं काहीही झालं तर 'ॲसिडिटी असेल' म्हणत फेरा पूर्ण करायचा नाही. चावी ओढायची, बसायचं, घरच्यांना हाक मारायची आणि १०८ ला फोन.

मशीन घेताना आणि घेतल्यावर

जाहिरातीत '५ एचपी पीक' लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पाच म्हणजे ३७३०. घरातलं मोठं १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम ३६८० वॅट देतं. म्हणजे ती मोटर तुमच्या घरात ५ एचपीने सलग चालूच शकत नाही. पीक हा क्षणभराचा आकडा, विचारायचा तो कंटिन्युअस एचपी. धावण्यासाठी तो अडीच-तीनच्या आसपास हवा. पट्टा निदान ५० इंच लांब, उंच माणसाला त्याहून जास्त. प्लग अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये थेट, एक्स्टेंशन बोर्डवर नाही.

पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल लागतं. खोबरेल नाही, शिलाई मशीनचं तेलही नाही. बंद मशीनच्या पट्ट्याखाली हात घालून बघा, कोरडं लागलं तर तेलाची वेळ झाली. कोरडा पट्टा मोटर तापवतो आणि पाऊल पडलं की थबकतो. पट्टा डावीकडे सरकत असेल तर मागचा डावा बोल्ट ॲलन कीने पाव फेरा घट्ट करायचा, उजवीकडे सरकत असेल तर उजवा. त्यानंतर वर कुणी नसताना कमी स्पीडवर दोन मिनिटं फिरवून बघायचं. खालच्या मजल्यावरच्यांसाठी जाड रबरी मॅट टाका, नाहीतर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय ठरलेला आहे.